भरतपूरचें घना आणि म्हशींची चराई

निसर्गाचें रक्षण म्हणजे मनुष्यानें व त्याच्या गुरांनीं तेथून पाय काढणें, असा सुशिक्षितांचा सामान्य समज असतो. तो कोठवर खरा आहे, हें राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव घना या पाणथळीच्या इतिहासावरून पाहतां येतें.

ही पाणथळ बव्हंशीं मनुष्याच्याच हातची. अठराव्या शतकांत राजा सूरजमल याच्या अमदानींत अजान बांध झाला आणि सखल भागांत पुराचें पाणी भरूं लागलें. पुढें संस्थानिकांनीं तेथें शिकारीचें राखीव रान केलें. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारींत ४,२७३ पक्षी पडले, हें तेथील शिलालेखच सांगतो. आसपासच्या गांवांच्या म्हशी मात्र त्या पाण्यांत चरतच होत्या.

१९८१ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें व नोव्हेंबर १९८२ मध्यें चराई बंद करण्यांत आली. ग्रामस्थांनीं विरोध केला, गोळीबार झाला आणि कांहीं जणांचे प्राण गेले. एवढी किंमत देऊन मिळालें काय? पाण्यांत पास्पालम जातीचें गवत माजलें. त्याचे कोंब पूर्वीं म्हशी खात व तुडवीत; आतां त्याचे आडवे दांडे एकमेकांत गुंतून पाण्यावर जणूं जाड सतरंजी पसरली. खालीं ऊन पोहोंचेना, तेव्हां पाण्यांतील इतर वनस्पती खुंटल्या. कुजलेल्या गवताचा थर तळाशीं बसूं लागला. बदकांना मोकळें पाणी उरेना, आणि सायबेरियन क्रौंचांना कंद उकरणें जड झालें. २००२ नंतर ते क्रौंच तेथें आलेच नाहींत. अर्थात् त्याला प्रवासाच्या वाटेवरील शिकार इत्यादि इतरही कारणें आहेत.

चराईबंदीस मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पाठिंबा होता. त्याच संस्थेच्या डॉ. विजयन प्रभृति संशोधकांनीं १९८० ते १९९० अशीं दहा वर्षें पाहणी करून निष्कर्ष काढला कीं, म्हैस ही या पाणथळीच्या घडणीचाच एक भाग आहे. पुराव्यापुढें मत बदलणें हें शास्त्राचें भूषणच होय.

तथापि केवळ चराईनें सारें सुटेल असेंही नव्हे. गंभीर नदीवर पांचना धरण झाल्यानंतर पाण्याचाच तुटवडा पडूं लागला. आणि तळीं कोरडीं पडलीं कीं जलवनस्पतींची जागा रुक्ष जमिनीचीं झुडपें घेतात. गवत, म्हैस, पाणी व गांवकरी यांचा हिशेब एकत्र मांडल्यावांचून नुसतें कुंपण घालणें म्हणजे रक्षण नव्हे. तो हिशेब आधीं मांडला असता, तर १९८२ मधील रक्तपात कदाचित् टळला असता, हें शल्य मात्र उरतेंच.