माहेर ऑस्वीगो, आजोळ बर्लिन

१८८५ साली बॉस्टनच्या डी. सी. हीथ या प्रकाशकाने जगाच्या इतिहासाचं एक शालेय पुस्तक काढलं. ते उघडून पाहणाऱ्या शिक्षकांची चांगलीच पंचाईत झाली असणार, कारण त्यात गोष्टच नव्हती. ग्रीस असो की रोम, पानांवर सनावळ्या, नकाशे, इमारतींची चित्रं, त्या त्या काळच्या माणसांनी लिहिलेले उतारे आणि त्यांच्याखाली प्रश्न. या सगळ्यावरून ही माणसं कशी होती असं वाटतं, आणि ते कशावरून? उत्तरं पुस्तकात नव्हती. लेखिका मेरी शेल्डन (लग्नानंतर मेरी शेल्डन बार्न्स) यांचं म्हणणं असं, की हे पुस्तक नुसतं वाचायचं नाही, गणितं सोडवतो तसं सोडवायचं. पुढच्याच वर्षी शिक्षकांसाठी वेगळी मार्गदर्शिका छापावी लागली.

शाळेच्या वर्गात अस्सल साधनं मांडून मुलांना इतिहासकारासारखा विचार करायला लावायचा, या पद्धतीचं कूळ शोधू लागलं की या बाईंपाशी यावंच लागतं. त्यांच्याकडे ती दोन वाटांनी आली.

एक वाट घरातली. वडील एडवर्ड ऑस्टिन शेल्डन हे न्यूयॉर्क राज्यातल्या, ऑंटारिओ सरोवराकाठच्या ऑस्वीगो गावच्या शाळांचे अधीक्षक. मुलं घडाघडा पाठ म्हणतात पण त्यांना कळत काही नाही, हे त्यांना खुपत होतं. १८५९ मध्ये टोरांटोला गेले असताना त्यांना तिथे वर्गात वापरायच्या वस्तूंचा, चित्रांचा एक संग्रह दिसला. स्वित्झर्लंडचा शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी याच्या विचारावर लंडनच्या एका संस्थेने तो तयार केला होता. आधी वस्तू मुलाच्या हातात द्या, तिच्याकडे पाहू द्या, शब्द मागून येतील, हा तो विचार. शेल्डन तो ऑस्वीगोला घेऊन आले, लंडनहून एक शिक्षिका बोलावल्या आणि शिक्षक घडवणारी शाळा काढली. मेरी तिथेच वाढल्या.

दुसरी वाट बर्लिनहून निघते. जर्मन इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके हे नाव आपल्याकडच्या दहावीच्या मुलांना ओळखीचं आहे. २०१८ च्या पाठ्यपुस्तकातल्या पहिल्याच धड्यात ते येतं. रांकेने १८२४ मध्ये आपल्या पहिल्या ग्रंथाला एक पुरवणी जोडली आणि तीत ग्विच्चार्दिनीसारख्या नावाजलेल्या इतालियन इतिहासकाराची झडती घेतली. याने स्वतः पाहिलं किती आणि दुसऱ्याचं उतरवून घेतलं किती, असा सरळ हिशेब. पुढे बर्लिनमध्ये निवडक विद्यार्थ्यांना घेऊन तो एकेका कागदाची अशीच चिकित्सा करत बसायचा. ही बैठक म्हणजे सेमिनार. चार्ल्स केंडल ॲडम्स यांनी ती जर्मनीत पाहिली आणि १८६९ मध्ये मिशिगन विद्यापीठात सुरू केली. पुढच्याच वर्षी मिशिगनने मुलींना दारं उघडली. मेरी शेल्डन १८७४ मध्ये तिथून पदवीधर झाल्या.

त्यांचा ओढा विज्ञानाकडे होता, पण वेलस्ली कॉलेजात त्यांच्या वाट्याला इतिहास आला. त्याचं मला फार काही वाईट वाटत नाही. प्रयोगशाळेची सवय असलेल्या माणसाने इतिहासाचा वर्ग घेतला म्हणूनच बापाची ‘वस्तू’ आणि रांकेचा ‘कागद’ एका टेबलावर आले. मुलाला शिंपला द्यायचा, तसाच एखादा शिलालेख द्यायचा. केंब्रिजला इतिहासकार जॉन सीली यांच्या हाताखाली त्या दोन वर्षं शिकल्या, ऑस्वीगोला परतून शिकवू लागल्या आणि तिथून ते १८८५ चं पुस्तक आलं. १८९२ मध्ये स्टॅनफर्डने त्यांना इतिहास शिकवायला घेतलं. तिथे त्यांनी मुलांना गोष्टी देऊन, ती कोणत्या वयात काय विचारतात याच्या नोंदी केल्या. कोण, कुठे, कधी हे प्रश्न येतातच. त्या डोळ्यांत तेल घालून पाहत होत्या ते ‘हे खरं आहे का?’ या प्रश्नाकडे. १८९८ मध्ये, पन्नाशीही न गाठता, त्या लंडनमध्ये वारल्या.

पद्धतीला विरोधही लगेच झाला, आणि तो अगदीच खुळा नव्हता. अमेरिकन इतिहास संघटनेने नेमलेल्या सात जणांच्या समितीने १८९९ मध्ये बजावलं, की साधनं जोडीला जरूर वापरा, पण सगळा इतिहास त्यांतूनच उभा करण्याची अपेक्षा शाळकरी मुलांकडून करू नका. ऑक्सफर्डच्या कीटिंग यांनी १९१० मध्ये कागदपत्रांवरचे स्वाध्याय रचून दाखवले. मग बराच काळ हे सारं पुस्तकांतच राहिलं.

ते पुन्हा उसळलं १९७२ मध्ये लीड्सला. शाळांतून इतिहास हा विषयच गळतो की काय अशी धास्ती होती, म्हणून एक प्रकल्प सुरू झाला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी केलेला संच पाहिला की हेवा वाटतो. मार्क पुलेन नावाचा एक काल्पनिक तरुण मेला आहे, त्याच्या पाकिटातल्या चिठ्ठ्याचपाट्या मुलांसमोर. त्याचं काय झालं असेल ते सांगा. त्यानंतर टोलंडचा माणूस. १९५० मध्ये डेन्मार्कच्या दलदलीत हे प्रेत सापडलं, तेव्हा नुकताच कुणाचा खून झालाय असं वाटून लोकांनी पोलिसांना कळवलं होतं. गळ्यात चामड्याची दोरी असलेला तो माणूस निघाला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा.

याची चव लागलेल्या इंग्लंडमध्ये १९८८ पासून नव्या शालान्त परीक्षेत साधनांवरचे प्रश्न सक्तीचे झाले, आणि व्हायचं तेच झालं. चार ओळींचा तुकडा, खाली ‘हे साधन विश्वसनीय आहे का?’, आणि उत्तर आधीच पाठ: लेखक पक्षपाती आहे, सबब विश्वसनीय नाही. मुलं शंका घेणंसुद्धा घोकू लागली.

अमेरिकन संशोधक सॅम वाइनबर्ग यांचा १९९१ चा अभ्यास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. आठ इतिहासकार आणि आठ शाळकरी मुलं, सगळ्यांना अमेरिकन क्रांतीतल्या, १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीवरचे तेच कागद. वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. नावं-सनावळींच्या चाचणीत काही मुलांनी काही इतिहासकारांना मागे टाकलं, कारण त्या इतिहासकारांचा विषयच अमेरिका नव्हता. पण इतिहासकार आधी कागदाच्या तळाशी बघत होते, की लिहिलंय कुणी आणि केव्हा. मुलं पहिल्या ओळीपासून सरळ वाचत गेली. सगळ्यांत भरवशाचं काय, असं विचारल्यावर मुलांचा कौल पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्याकडे झुकला. इतिहासकारांनी त्यालाच तळाशी ठेवलं. हेच वाइनबर्ग पुढे स्टॅनफर्डला गेले, मेरीबाईंच्या जुन्या विद्यापीठात.

आपल्याकडे सातवीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘इतिहासाची साधने’. भौतिक, लिखित, मौखिक, असे प्रकार मुलं तोंडपाठ सांगतात. कागद मात्र हातात पडत नाही, आणि ‘कागद आणायचे कुठून’ ही सबब तर मराठीत चालूच नये. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तोही १८९८ मध्येच, मेरीबाई गेल्या त्याच वर्षी. १७५० ते १७६१ मधली, पानिपतापर्यंतची पत्रं त्यात बाळबोधीत छापलेली आहेत, म्हणजे मोडीची अडचण नाही. राजवाडे १९२६ मध्ये गेले, तेव्हा प्रताधिकाराचाही प्रश्न नाही. दोन पत्रं, शेजारी पाठ्यपुस्तकातला पानिपतावरचा परिच्छेद, एवढं एका कागदावर छापता येतं. अडतं ते त्या तासाला प्रश्नपत्रिकेत किती गुण, तिथे.