मारुती ८०० : पुढील सस्पेन्शनची दुरुस्ती

मारुती ८०० या मोटारीचे पुढील सस्पेन्शन म्हणजे पुढची दोन चाके आणि गाडीची बॉडी यांना जोडणारी स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, आर्म, बुश व सांधे यांची यंत्रणा होय. रस्त्याचे धक्के शोषून घेणे, चाकांची दिशा व कोन कायम राखणे आणि ब्रेक लावताना येणारा जोर बॉडीपर्यंत पोहोचवणे ही तिची कामे आहेत. ही यंत्रणा मॅकफर्सन स्ट्रट प्रकारची असून तिच्यात मोजकेच भाग असतात. त्यामुळे तिची बरीचशी दुरुस्ती घरच्या घरी करता येते. दाबलेली स्प्रिंग आणि गंजलेला पत्रा या दोन ठिकाणी मात्र घरगुती दुरुस्तीची मर्यादा संपते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी परिसरात जोरदार पाऊस व घाटरस्ते यांमुळे या मर्यादेला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

भारतात मारुती ८०० येण्यापूर्वी हिंदुस्थान अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारी सर्वत्र दिसत. अँबॅसेडरच्या पुढील सस्पेन्शनमध्ये टॉर्शन बार, तर पद्मिनीमध्ये दुहेरी आर्म व गुंडाळीची स्प्रिंग होती. या गाड्यांच्या सांध्यांना ठरावीक काळाने ग्रीस द्यावे लागे.

मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती देण्यात आली. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी ही छोटी गाडी जपानच्या सुझुकी कंपनीच्या रचनेवर आधारलेली होती. तिच्यातील मॅकफर्सन स्ट्रट हा प्रकार अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखला जातो. १९५० साली आलेल्या फोर्ड कॉन्सल व झेफिर या ब्रिटिश गाड्यांपासून त्याचा प्रसार झाला. एप्रिल २०१० मध्ये मारुती ८०० ची विक्री मुंबईसह १३ मोठ्या शहरांत थांबली, पण अन्यत्र चालू राहिली. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन बंद झाले. त्यामुळे आज वापरात असलेली या प्रकारची प्रत्येक गाडी जुनी गाडीच आहे.

रचना

या गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडीच सर्व भार पेलते. प्रत्येक पुढच्या चाकामागे एक उभा स्ट्रट असतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून तो बनतो. त्याचे वरचे टोक बॉनेटखालील पत्र्याच्या बुरुजासारख्या भागाला, म्हणजे टॉवरला, रबरी माउंटिंगच्या साहाय्याने बसवलेले असते. खालचे टोक चाक धरणाऱ्या नकलला जोडलेले असते.

नकलचा खालचा भाग बॉल जॉइंटद्वारे आडव्या आर्मला जोडलेला असतो. हा आर्म चाकाला आत-बाहेर सरकू देत नाही. चाकाला मागे-पुढे सरकण्यापासून रोखण्याचे काम दोन्ही आर्मना जोडणारा स्टॅबिलायझर बार करतो. हाच बार वळणावर गाडीचे कलणेही कमी करतो. चाके वळवण्यासाठी स्टिअरिंगच्या रॅकपासून नकलपर्यंत टायरॉड असतात.

गाडीचे वजन स्प्रिंगवाटे थेट टॉवरवर येते. बॉल जॉइंटवर मुख्यतः वळणाचा व ब्रेकचा आडवा जोर येतो. हा सांधा बंदिस्त असल्याने त्यात बाहेरून ग्रीस भरावे लागत नाही. त्यावरची रबरी टोपी फाटली, की आत पाणी व माती शिरते आणि सांधा लवकर झिजतो. त्यामुळे जुन्या गाड्यांत ग्रीसिंगला असलेले महत्त्व या गाडीत रबरी टोप्यांच्या तपासणीला आले आहे.

सावंतवाडी परिसरातील परिस्थिती

सावंतवाडी हे सह्याद्रीच्या पायथ्याजवळचे शहर आहे. येथून बेळगाव व कोल्हापूरकडे जाणारा रस्ता आंबोली घाट चढतो. आंबोली हे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक असून तेथील वार्षिक पाऊस सात हजार मिलिमीटरच्या आसपास असतो. पश्चिमेकडे वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हवा खारी असते.

या परिस्थितीचे सस्पेन्शनवर दोन परिणाम होतात. घाट उतरताना वारंवार ब्रेक लावल्याने गाडीचा भार पुढे येतो आणि आर्म व स्टॅबिलायझर बारच्या बुशांवर ताण पडतो. दुसरे म्हणजे, जांभ्याचा तांबडा चिखल चाकाच्या कमानीत उडून टॉवरच्या कडांवर साचतो. जून ते सप्टेंबर या काळात तो क्वचितच पूर्ण सुकतो. ओला चिखल पत्र्याला चिकटून राहिल्याने गंज आतून वाढतो आणि बराच काळ दिसत नाही.

लक्षणे व तपासणी

सस्पेन्शनमधील बिघाड बहुधा आवाजातून किंवा गाडीच्या वागण्यातून कळतो.

• खड्ड्यातून जाताना ‘खट्’ असा आवाज येणे : बॉल जॉइंट, बुश किंवा स्ट्रटचे माउंटिंग झिजणे.
• ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढणे : स्टॅबिलायझर बारचे किंवा आर्मचे बुश झिजणे, ब्रेकमधील दोषही असू शकतो.
• टायरची एकच कड झिजणे : चाकांचे कोन बिघडणे.
• टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज होणे, स्ट्रटवर तेल ओघळणे : शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी होणे.

गाडीचा पुढचा कोपरा हाताने जोरात दाबून सोडला असता ती एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. ती हेलकावत राहिल्यास शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाला आहे असे समजावे. चाक उचलून वर व खाली धरून हलवल्यास बेअरिंग किंवा बॉल जॉइंटमधील ढिलेपणा जाणवतो. त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने ब्रेक दाबून धरल्यावर हालचाल थांबली, तर दोष बेअरिंगमध्ये असतो. ती चालूच राहिली, तर बॉल जॉइंट तपासावा. चाक डावी-उजवीकडे हलवल्यास टायरॉडच्या टोकातील ढिलेपणा कळतो.

पूर्वतयारी

गाडी सपाट व कठीण जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावावी. सारवलेल्या मातीच्या खळ्यात जॅक रुतून कलंडण्याची शक्यता असते. तेथे जाड लाकडी फळीचा आधार घेतला तरी सिमेंटची फरशी अधिक सुरक्षित ठरते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावे लागतात.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये; लोखंडी स्टँडचा आधार आवश्यक असतो. कोकणात घराभोवती सहज मिळणारे जांभ्याचे चिरे या कामी वापरू नयेत. जांभा सच्छिद्र दगड असून एका बिंदूवर भार आल्यास तो पूर्वसूचना न देता फुटू शकतो.

घरी करता येणारी दुरुस्ती

आर्म, स्टॅबिलायझर बारचे बुश आणि टायरॉडची टोके हे भाग स्प्रिंगला हात न लावता बदलता येतात. गंजलेल्या बोल्टवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडल्यास काम सोपे होते. टायरॉडचे टोक नकलमध्ये निमुळत्या खिळीने घट्ट बसलेले असते. ते काढण्यासाठी पुलर वापरतात. थेट हातोडा मारल्यास आटे खराब होतात. टोक काढण्यापूर्वी त्याच्या जागेवर रंगाची खूण करून उघडे आटे मोजून ठेवावेत, म्हणजे नवे टोक जवळपास त्याच जागी बसते. स्प्लिट पिन व लॉक होणारे नट पुन्हा न वापरता नवे घालावेत.

रबरी बुशांचे बोल्ट चाक हवेत लटकत असताना पूर्ण आवळू नयेत. तसे केल्यास गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि नवे बुशही लवकर फाटते. म्हणून बोल्ट आधी सैलसर बसवून, गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर अखेरचे आवळतात.

स्ट्रट व स्प्रिंग

संपूर्ण स्ट्रट सोडवण्यासाठी ब्रेकची नळी, नकलचे बोल्ट व टॉवरवरील बाहेरचे नट काढावे लागतात. ब्रेकचा कॅलिपर नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधतात. येथपर्यंतचे काम घरी होऊ शकते.

माउंटिंगच्या मधोमध असलेला नट मात्र स्प्रिंग दाबण्याच्या साधनाशिवाय सैल करू नये. सुट्या केलेल्या स्ट्रटमध्येही स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. हा नट निघताच ती उसळून जीवघेणी इजा करू शकते. दोरी, तार किंवा साखळीने स्प्रिंग बांधणे हा पर्याय नव्हे. योग्य साधन नसल्यास सुटा केलेला स्ट्रट गॅरेजमध्ये नेऊन स्प्रिंग उतरवून घेतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर नेहमी जोडीने बदलतात, अन्यथा दोन्ही बाजू वेगवेगळ्या रीतीने धक्के शोषतात.

गंज

नवे भाग बसवण्यापूर्वी चिखल धुऊन टॉवर, आर्मची बैठक व स्टॅबिलायझर बारच्या बैठकी तपासाव्या लागतात. पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचल्यास खचतो का, हे पाहतात. वरवरचा गंज घासून गंजरोधक रंग देता येतो. पत्रा खचत असल्यास किंवा टॉवरभोवती चीर दिसल्यास नवे स्ट्रट बसवून उपयोग होत नाही. असा भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून कुशल कारागिराकडून वेल्डिंग करून घ्यावा लागतो. मेटल पुटी व रंग यांनी भोक झाकले जाते, पण पत्र्याची ताकद परत येत नाही. पावसाळ्यानंतर कमानींच्या आतला चिखल धुऊन काढल्यास हा गंज लांबवता येतो.

दुरुस्तीनंतर

स्ट्रट, आर्म किंवा टायरॉड बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घेणे आवश्यक असते. सपाट रस्त्यावर कमी वेगात ब्रेक व स्टिअरिंग तपासून, काही किलोमीटरनंतर सर्व नट-बोल्ट पुन्हा पाहावेत. ही तपासणी होण्यापूर्वी गाडी घाटात नेऊ नये.

नोंदणीचे नूतनीकरण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे ग्राह्य असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण ५ वर्षांसाठी होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नोंदणी क्रमांक एमएच-०७ या अक्षरांकांनी सुरू होतात. उत्पादन २०१४ मध्ये थांबल्यामुळे मारुती ८०० च्या बहुसंख्य गाड्यांची १५ वर्षे पूर्ण झाली आहेत. त्यांच्या बाबतीत सस्पेन्शन व बॉडीची स्थिती गाडी रस्त्यावर राहण्याच्या दृष्टीने निर्णायक ठरते.