उंदरांना विचारलेला प्रश्न : वनस्पती तूप, मेद आणि भारतीय विज्ञानाची चाळीस वर्षे

बंगळूरच्या मारतहळ्ळीत कचेऱ्या सुटल्या की बेकऱ्यांपुढे गर्दी होते. त्या गर्दीत पुण्या-नागपुराहून नोकरीसाठी आलेली मराठी मंडळीही असतात. हातातल्या पफचे पदर सुटे सुटे होतात, कारण मैद्याच्या थरांमध्ये घट्ट मेद लाटलेला असतो. हा मेद घट्ट कसा झाला, आणि तो खाणे योग्य आहे का, या प्रश्नावर भारतात एके काळी संसदेपर्यंत वाद गेला होता.

कथेची सुरुवात जर्मनीत होते. १९०२ साली विल्हेल्म नॉर्मान यांनी निकेलच्या साहाय्याने द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तीस वर्षांनी, १९३२ मध्ये, मुंबईच्या शिवडी भागात या पद्धतीचा कारखाना उभा राहिला आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. शेंगदाण्याचे तेल रवाळ, पांढरे होऊन डब्यात बसले. साजूक तूप ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्या घरी दिवाळीच्या करंज्या-शंकरपाळ्यांचे मोहन आता डालड्याचे झाले. एका व्यापारी छापाचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले.

स्वस्ताईबरोबर संशयही आला. या पदार्थाची साजूक तुपात भेसळ होऊ लागली. गांधीजींनी १९४६ मध्ये ‘हरिजन’मधून त्याला विरोध केला. वनस्पती तूप खाणाऱ्या उंदरांची तिसरी पिढी आंधळी होते, अशी चर्चाही देशभर पसरली. १९५० च्या सुमारास पंडित ठाकुरदास भार्गव यांनी बंदीचे विधेयक संसदेत मांडले.

शासनाने निवाडा प्रयोगशाळांकडे सोपवला. उंदरांच्या पिढ्यांवर आणि माणसांवर चाचण्या झाल्या. वाढ नीट होते का, प्रजनन होते का, मेद पचतो का, हे पाहिले गेले. निष्कर्ष असा निघाला, की ३७ अंश सेल्सिअसला वितळणारे वनस्पती तूप कच्च्या शेंगदाणा तेलाइतकेच पचते आणि त्यापासून अपाय दिसत नाही. बंदी आली नाही, पण नियम आले. वनस्पती तुपात ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे झाले. संशयित तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालावे. तिळाच्या तेलामुळे लाल रंग उमटला, तर भेसळ पकडली जाते. १९५३ पासून जीवनसत्त्व ‘अ’ मिसळणेही बंधनकारक झाले. पुढे १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी ग्राहक मार्गदर्शनाची संस्था काढली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी तिच्या ‘कीमत’ नियतकालिकात ग्राहकांसाठी लिहीत असत.

प्रयोगशाळांचे उत्तर खोटे नव्हते. उणीव प्रश्नात होती, आणि ती समजण्यासाठी मेदाचा शरीरातला प्रवास पाहावा लागतो.

खाल्लेला मेद लहान आतड्यात पित्तामुळे बारीक थेंबांत फुटतो आणि स्वादुपिंडाचा लायपेज त्याचे तुकडे करतो. आतड्याच्या पेशी ते तुकडे शोषून पुन्हा जोडतात, प्रथिनांच्या आवरणात बांधतात आणि लसिकावाहिन्यांमार्गे रक्तात सोडतात. शरीराच्या तापमानाला वितळणारा मेद पित्ताला सहज फोडता येतो. ३७ अंशांचे महत्त्व यासाठीच होते. पुढे पेशींमध्ये मेदाम्लाची साखळी दोन-दोन कर्बांनी तोडली जाते, हे फ्रान्झ क्नूप यांनी १९०४ मध्येच दाखवले होते. मेद म्हणजे केवळ इंधन नव्हे, हेही ठाऊक झाले होते. १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेदरहित आहार दिला, तेव्हा त्यांची कातडी खवलेदार झाली आणि वाढ खुंटली. लिनोलेइक आम्ल दिल्यावर ते सुधारले.

परंतु हायड्रोजनच्या प्रक्रियेत काही रेणूंची वळणदार साखळी सरळ होते. हाच ट्रान्स मेद. तो पचतो, जळतो, उष्मांकही देतो. म्हणून पचनाच्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. त्याचा खरा परिणाम रक्तातील कोलेस्टेरॉलच्या वाहकांवर होतो. उंदराच्या रक्तात बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएल कणांतून वाहते आणि त्याच्या रोहिण्या सहसा कठीण होत नाहीत. ज्या प्राण्याला तो आजार जडत नाही, त्याच्याकडून त्या आजाराची साक्ष मिळणे शक्य नव्हते.

ती साक्ष माणसांनी दिली. १९९० मध्ये नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि कातान यांनी ५९ निरोगी व्यक्तींना तीन-तीन आठवडे वेगवेगळ्या मेदांचा आहार दिला. ट्रान्स मेदाने एलडीएल वाढले आणि एचडीएल घटले. डालड्याच्या डब्याला तोवर अर्धशतक उलटून गेले होते. भारतात ट्रान्स मेदाची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली : १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के.

मग मेद किती खावा? एक ग्रॅम मेद सुमारे ९ किलोकॅलरी देतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला रोज २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम वरून घातलेले तेल-तूप पुरे. जड श्रम करणाऱ्यांना अनुक्रमे ४० आणि ३० ग्रॅम. धान्य, डाळी, दूध, शेंगदाणे यांतला अदृश्य मेद याखेरीज असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एकूण उष्मांकांत मेदाचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत, संपृक्त मेदाचा १० टक्क्यांपर्यंत आणि ट्रान्स मेदाचा १ टक्क्याच्या आत असावा.

२५ ग्रॅम म्हणजे जेमतेम पाच चहाचे चमचे. मारतहळ्ळीच्या संगणकासमोर दहा तास बसणाऱ्यासाठी हा आकडा शेतात राबणाऱ्या त्याच्या आजोबांपेक्षा कितीतरी लहान आहे, आणि जिभेची सवय मात्र बहुधा आजोबांचीच उरली आहे.

‘अपाय दिसला नाही’ आणि ‘अपाय नाही’ या दोन वाक्यांतले अंतर ओलांडायला विज्ञानाला चाळीस वर्षे लागली. त्या काळात ज्यांनी तो मेद खाल्ला, त्यांनी तो परवडतो म्हणून आणि शासनाने तपासलेला आहे म्हणून खाल्ला. नव्या खाद्यपदार्थाच्या सुरक्षिततेचा दाखला वाचताना म्हणूनच विचारावे : तपासणी कशाची झाली, किती काळ झाली, आणि कोणावर झाली?