आवळ्याचा आकडा : 600 की 252?

कार्तिक लागला की कोल्हापूरच्या मंडईत आवळ्यांचे ढीग दिसू लागतात. राधानगरी-आजऱ्याकडच्या डोंगरांतला बारीक, तुरट रानआवळा येतो आणि लागवडीचा टपोरा आवळाही येतो. तुळशीच्या लग्नात आवळा हवाच. पुढे घरोघर मोरावळा आणि आवळासुपारी होते. आवळ्यात काय असते, असे वर्गात विचारले तर मुले एका सुरात 'क जीवनसत्त्व' म्हणतात. पुष्कळ पुस्तकांत त्यापुढे आकडाही असतो : 100 ग्रॅममध्ये 600 मिलिग्रॅम. हा आकडा आला कोठून आणि आज तो कितपत टिकतो, हे आपण पाहू.

आवळ्याची कीर्ती या आकड्याहून फार जुनी आहे. चरकसंहितेत आवळा 'रसायन' मानला आहे. तेथील च्यवनप्राशाच्या पाठात 500 आवळे घ्यायला सांगितले आहेत. खारट सोडून बाकीचे पाचही रस आवळ्यात आहेत, असेही म्हटले आहे. ही अनुभवाची नोंद झाली. गुण कोणत्या द्रव्यामुळे येतो, हा प्रश्न नंतरचा.

त्याचे उत्तर स्कर्व्ही या रोगाच्या शोधातून मिळाले. या रोगात हिरड्या सुजतात, रक्त येते, जखमा भरत नाहीत. 1747 साली जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टरने 12 आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. 1928 मध्ये सेंट-ग्यॉर्गी यांनी एक आम्ल वेगळे केले. तेच क जीवनसत्त्व, हे 1932 मध्ये सिद्ध झाले. पुढे ते भरपूर प्रमाणात त्यांना मिळाले ते हंगेरीतल्या ताज्या मिरचीतून. कोल्हापूरकरांनी हे जरूर लक्षात ठेवावे!

याच सुमारास तामिळनाडूतील कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत एक्रॉइड आणि त्यांचे भारतीय सहकारी आपल्या अन्नपदार्थांचे पृथक्करण करत होते. 1940 च्या सुमारास हिस्सार भागात दुष्काळ पडला आणि स्कर्व्हीचे रुग्ण आढळले, तेव्हा आवळ्याचा उपयोग झाला. आवळ्यात क जीवनसत्त्व आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता? ही संस्था 1958 मध्ये हैदराबादला गेली. तिच्या 1971 च्या प्रसिद्ध तक्त्यांत आवळ्यापुढे 600 हा आकडा होता. तोच शाळेपर्यंत पोचला.

मात्र त्याच संस्थेच्या 2017 च्या नव्या तक्त्यांत आकडा आहे 252. आवळा बदलला का? जात, पक्वता, जमीन यांमुळे फरक पडतोच. पण मोजण्याची रीतही बदलली. जुन्या रीतीत एक निळा रंग वापरत. क जीवनसत्त्व त्याचे क्षपण करते आणि रंग नाहीसा होतो. किती रंग उडाला त्यावरून हिशेब करायचा. पण क्षपण करणारी दुसरी द्रव्ये असतील तर तीही रंग उडवू शकतात, आणि आवळ्याचा तुरटपणा ज्यांमुळे येतो ती टॅनिने अशीच द्रव्ये आहेत. नव्या रीतीत घटक आधी एकमेकांपासून वेगळे करतात आणि मग मोजतात.

हे वर्गात दाखवता येते. भाताच्या पातळ पेजेत टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळे पाणी तीन पेल्यांत घ्या. एकात लिंबाचा रस, दुसऱ्यात आवळ्याचा रस आणि तिसऱ्यात बिनदुधाचा गार चहा थेंबथेंब घाला. निळा रंग तिन्ही पेल्यांत उडेल. कोऱ्या चहात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते; तेथे रंग उडवतात ती टॅनिनसारखी द्रव्ये. रंग उडाला म्हणजे क जीवनसत्त्व आहेच, असे म्हणता येईल का, हे मुलांनाच विचारा. (पेल्यांतले पाणी कोणी पिऊ नये.)

मग आवळा कमी प्रतीचा ठरला का? मुळीच नाही. प्रौढ पुरुषाला आज रोज 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाची शिफारस आहे. 252 धरले तरी 35 ग्रॅम गरात ते मिळते. टॅनिनेही निरुपयोगी नाहीत. आवळ्यातील एक टॅनिन क जीवनसत्त्वाचा नाश रोखण्यास मदत करते, असे दामोदरन आणि नायर यांनी 1936 मध्येच दाखवले होते. मधुमेह किंवा कोलेस्टेरॉलवरील गुणांचे मात्र पुष्कळसे प्रयोग प्राण्यांवर किंवा थोड्या माणसांवर झालेले आहेत. आवळा खुशाल खावा. त्याच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध बंद करू नये.

मुलांना आता 600 ऐवजी 252 पाठ करायला लावणे हा काही उपाय नव्हे. आकडा कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने काढला, हे विचारायची सवय त्यांना लागली, तर आवळ्याने आणखी एक गुण दिला असे आम्ही समजू.