साखरेचं खातं

डाळ-तांदळाची खाती बँकेसारखी वेगळी ठेवावीत, हे १९२६ साली फ्रँकफुर्टमध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी अमलात आणलं. आगगाडीच्या भोजनडब्यातलं आटोपशीर स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरची खोली आखली. नव्या वसाहतींत अशी सुमारे १०,००० बसली. साखर, तांदूळ यांना नावं घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण. पिठाला मात्र ओकच्या लाकडाचा, कीड लागू नये म्हणून! आणि तोवर आपण स्वयंपाक केलाच नव्हता, असं बाईच पुढे सांगत.

गृहिणीची पावलं वाचली, वेळ वाचला. पण खोलीत माणूस मावे एकच. ते कोण, हे पुरुषांनी न विचारताच ओळखलं. मदत न करायला इतकं शास्त्रशुद्ध कारण आम्हां नवरेमंडळींना पुन्हा मिळालेलं नाही!