पाळणा कोणी थांबवायचा?

आईच्या ट्रंकेत पासबुके, रेशनकार्ड आणि आजोबांच्या श्राद्धाच्या याद्या यांच्या खाली एक घडी घातलेला कागद सापडला. तालुक्याच्या दवाखान्याचा छापील फॉर्म, साल १९८१. नाव, वय, हयात मुले, शेवटच्या बाळंतपणाची तारीख, शस्त्रक्रियेचा प्रकार. खाली सहीसाठी दोन जागा. एकीवर वडिलांची सही, ठसठशीत. दुसरी जागा कोरी. माझी आई सातवी पास होती. वाणसामानाच्या यादीखालीसुद्धा ती सही करायची, म्हणजे वाणी काही नंतर घुसडणार नाही.

तो कागद घेऊन मी तिच्याकडे गेले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मी तांबी मागितली होती." मग शेंगा सोलत बसली.

संततिनियमनाचा इतिहास मी बरीच वर्षे वाचत आले आहे. त्यातली माणसे, कायदे, परिषदा मला ठाऊक होत्या. पण या कागदानंतर मी तोच इतिहास वेगळ्या प्रश्नाने वाचू लागले. मुले झाल्यावर 'आता पुरे' किंवा 'आता जरा थांबू' असे बाईला वाटते, त्या क्षणी तिच्यासमोर काय काय ठेवलेले असते, आणि ते कोणी ठेवलेले असते? लोकसंख्येचे आलेख या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत.

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यापासून करावी लागते, आणि ती योग्यच आहे. गणिताचे प्राध्यापक, पॅरिसला जाऊन आलेले, महर्षींचे थोरले चिरंजीव. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या हॉलोवे भागात मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते, म्हणजे गिरगाव-परळची मुंबई या बाबतीत लंडनच्या फार मागे नव्हती. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरचे पुस्तक आले. या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यावरचे खटले, दंड आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सारे 'ध्यासपर्व' चित्रपटामुळे आणि अलीकडच्या 'समाजस्वास्थ्य' नाटकामुळे आता पुष्कळांना माहीत आहे.

मला कर्व्यांत रस आहे तो वेगळ्या कारणाने. त्यांच्या मांडणीत साधन बाईच्या हाती असणे महत्त्वाचे होते. गर्भ बाईला राहतो, तेव्हा तो रोखण्याचा उपाय नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असू नये, हे त्यामागचे गणित. त्या काळी अशी साधने म्हणजे मुख्यतः रबरी टोपी आणि तिच्या जोडीला रासायनिक गोळी किंवा मलम. ही टोपी बसवायची तर बाईला आपले शरीर आतून माहीत हवे, हात धुवायला पाणी हवे आणि आडोसा हवा. बाळंतपणानंतर माप बदलते, म्हणून ती पुन्हा मापून घ्यावी लागते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, सासू-दीर-मुलांच्या गराड्यात हे कसे जमायचे? माझ्या मते कर्व्यांचा विचार काळाच्या पुढे होता आणि साधन मात्र त्या चाळीच्या बाहेरचे होते. पुरुषाची नसबंदीही त्यांनी सांगितली, आणि नुसती सांगितली नाही, स्वतः करून घेतली. मूल न होऊ देण्याचा त्यांचा आणि मालतीबाईंचा निर्णय होता. समाजाला उपदेश करणाऱ्या फार थोड्या पुरुषांनी तो उपदेश आपल्या देहावर आधी वापरून पाहिला असेल.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई प्रांताच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. तो स्वतंत्र मजूर पक्षाचा, आंबेडकरांनी तयार केलेला. सभागृहात मांडला पी. जे. रोहम यांनी. त्यात गरिबी होती, लोकसंख्या होती, पण बाळंतिणीची प्रकृतीही होती. बाळंतपणाच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक मुलाला कोणी तयार झाला नसता, असा एक मुद्दा त्या भाषणात येतो. ठराव मोठ्या फरकाने पडला. मला हे भाषण वाचताना नेहमी वाटते, की पुढच्या चाळीस वर्षांत सरकारी कागदपत्रांतून नेमके हेच वाक्य गळले आणि लोकसंख्या तेवढी उरली.

स्वातंत्र्यानंतर गोष्टी वेगाने झाल्या. १९४९ मध्ये मुंबईत धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया निघाली. १९५२ मध्ये मुंबईतच आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि त्याच सुमारास पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजन आले. पण आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या अनुयायी. साधने त्यांना मान्य नव्हती. मग निवडली गेली ती 'सुरक्षित दिवसां'ची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने अमेरिकन डॉक्टर अब्राहम स्टोन यांनी दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरम येथे तिचे प्रयोग आखले. निरक्षर बायकांना दिवस मोजता यावेत म्हणून रंगीत मण्यांची माळ दिली. रोज एक मणी सरकवायचा. एका रंगाचे दिवस धोक्याचे, दुसऱ्या रंगाचे बिनधोक.

माळेची गंमत वाटते, पण तिच्यातली खोट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. ही पद्धत ज्या बाईला सर्वांत जास्त हवी, ती म्हणजे नुकती बाळंत झालेली, अंगावर पाजणारी. आणि नेमकी तिचीच पाळी महिनोन्महिने येत नाही, आली तर अनियमित येते. मणी मोजायचे तरी कुठल्या दिवसापासून? पाळी परतण्याआधीच बीज सुटू शकते, म्हणजे पाळी न येताच पुन्हा दिवस राहू शकतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना 'अंगावर पितंय तोवर दिवस जात नाहीत' एवढे ठाऊक होते. आजचे वैद्यकशास्त्र म्हणते, ते खरे आहे, पण तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, त्याला आईच्या दुधाशिवाय वरचे काही दिलेले नसावे, आणि पाळी आलेली नसावी. एक अट मोडली की भरवसा संपला. गुटी, मध आणि वरचे पाणी चाटवणाऱ्या घरांत पहिल्याच महिन्यात एक अट मोडते. कितीतरी पाठोपाठच्या भावंडांचा जन्म या अर्धवट खऱ्या समजुतीतून झाला असावा.

त्याच काळात पुणे परिसरात शकुंतला परांजपे काम करत होत्या. रँग्लर परांजप्यांची मुलगी, कर्व्यांच्या नात्यातल्या, केंब्रिजला शिकलेल्या. त्या पुरुषांच्या नसबंदीच्या मागे लागल्या होत्या. पुढे विधान परिषदेत आणि राज्यसभेत गेल्या, तिथेही हाच विषय. बाळंतपणांनी खंगलेल्या बाईच्या पोटावर आणखी एक चिरा देण्यापेक्षा धडधाकट पुरुषाची पाच-दहा मिनिटांची शस्त्रक्रिया करावी, यात काही गहन तत्त्वज्ञान नाही. तरी ते ऐकवायला एक बाई आयुष्यभर लागली.

१९६५ मध्ये लूप आला. अमेरिकेतल्या बफेलोच्या डॉ. जॅक लिप्स यांनी केलेला प्लॅस्टिकचा वेटोळा. कानपूरला त्याचा कारखानाही निघाला. स्वस्त, एकदा बसवला की झाले, हवा तेव्हा काढता येतो, बाईच्या हातातला. कागदावर तो कर्व्यांच्या स्वप्नातलाच. दोन-तीन वर्षांत त्याचे नाव बदनाम झाले. अफवा पसरल्या, बायका अडाणी होत्या, असे जुने अहवाल सांगतात. अफवा होत्याच. पण लूपने रक्तस्राव वाढतो, पाळी लांबते, हे खरे होते. तो बसवला जात होता तीन-चार बाळंतपणांनी अंगातले रक्त आटलेल्या बायकांना. शिवाय महाराष्ट्रातल्या घरात तेव्हा चार दिवस बाजूला बसणे होते. पाळी आठ-दहा दिवस चालली, मधेच डाग दिसला, की स्वयंपाक कोणी करायचा, देवघरात कोणी जायचे, शिवताशिवत कशी पाळायची? शरीराच्या त्रासाइतकाच हा त्रास मोठा होता. बसवण्याचे आकडे गोळा होत होते. पुन्हा तपासायला बोलावणे, त्रास झाल्यास काढून देणे, लोहाच्या गोळ्या देणे यांचे आकडे कोणी मागत नव्हते. लूपचा दोष थोडा आणि नर्सबाईला दिलेल्या 'टार्गेट'चा फार, असे माझे मत आहे.

मग लाल त्रिकोण, १९६८ पासून पंधरा पैशांना तीन निरोध, १९७१ चा गर्भपाताचा कायदा आणि नसबंदीची शिबिरे. केरळात एर्नाकुलमला १९७१ च्या जुलैत एका शिबिरात साठ हजारांहून अधिक पुरुषांच्या शस्त्रक्रिया झाल्या. आणीबाणीची कथा इथे लांबवत नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या. एक गोष्ट मात्र आपण मराठी माणसे सोयीने विसरतो: तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात मंजूर करून घेतले ते महाराष्ट्राने. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही.

१९७७ मध्ये सरकार पडले आणि पुढच्या वर्षी शस्त्रक्रियांचा आकडा दहा लाखांच्याही खाली आला. 'कुटुंबनियोजना'चे 'कुटुंबकल्याण' झाले. पाटी बदलली, उद्दिष्टे राहिली. पुरुषांना हात लावण्याची हिंमत आता कोणत्याच पक्षात नव्हती. पुरुषांच्या मतांना भिऊन कार्यक्रम बायकांकडे वळला, तो आजतागायत. दुर्बिणीची, 'बिनटाक्याची' शस्त्रक्रिया त्याच सुमारास आली, तिने सोय केली. आणि बाळंतिणीसारखी सोपी सापडणारी बाई दुसरी कोणती? ती खाटेवर आहे, दमलेली आहे, पुन्हा दवाखान्यात येईल याची खात्री नाही. प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आत बाईची नसबंदी वैद्यकीय दृष्ट्या सोपी असते, हेही खरे. एरवीची सोय आणि उद्दिष्टाची घाई त्या खाटेवर एकत्र आली.

माझी आई १९८१ मध्ये त्या खाटेवर होती. तांबी म्हणजे कॉपर-टी. बायकांनी तिच्यातल्या तांब्यावरून नाव पाडले. शेजारणीने बसवून घेतलेली होती, म्हणून आईला ठाऊक. तिला थांबायचे होते, कायमचे की नाही ते ठरले नव्हते. पोर जगेल-वाचेल तेव्हा बघू, असा तिचा हिशेब. नर्सबाई म्हणाली, तांब्या संपल्यात. संध्याकाळी वडील आले, सही झाली. वडील वाईट माणूस नव्हते. त्यांना बिचाऱ्यांना वाटले, डॉक्टर म्हणतात ते आईच्या भल्याचेच असणार. स्वतःच्या शस्त्रक्रियेचा विषय मात्र त्यांच्यासमोर कोणी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही.

निवडीचा हक्क मागणाऱ्या बायका नंतर कोर्टात गेल्या, तेही 'नको' म्हणायला. १९८६ मध्ये नेट-एन या इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध स्त्री शक्ती संघटना आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. बायकांना चाचणीची माहिती न देता सुया टोचल्या जातात, हा आक्षेप. या भूमिकेवर चळवळीतही वाद झाले: नवऱ्याला न कळता घेता येणारे साधन आपण बाईकडून काढून घेतो आहोत का? मला दोन्ही बाजू पटतात. लूपचा अनुभव ताजा असताना संशय घेणे रास्तच होते. उद्दिष्टे १९९६ मध्ये कागदोपत्री रद्द झाली. तरी नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या तेरा जणी गेल्या. २०१६ मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरे बंद करायला सांगितले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीचा आधार असलेल्या ०.३ टक्के. तांबी दोन टक्क्यांच्या आसपास.

गेल्या वर्षी भाची बाळंत झाली. आईचा कागद तिने पाहिलेला होता. बाळ दीड महिन्याचे झाल्यावर ती दवाखान्यात निघाली तेव्हा मीही सोबत गेले. भिंतीवर तक्ता होता: तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन; लखनौच्या प्रयोगशाळेत शोधलेली, संप्रेरक नसलेली 'छाया' गोळी, आधी आठवड्यातून दोनदा, तीन महिन्यांनंतर एकदा; पाच आणि दहा वर्षांच्या तांब्या; निरोध. माला-डी अंगावर पाजणाऱ्या बाईने सहा महिने घेऊ नये, हे डॉक्टरीणबाईंनी न विचारता सांगितले. पुरुष नसबंदीचे चित्र तक्त्याच्या तळाशी होते. भाचीच्या नवऱ्याने विचारले, तेव्हा बाई जरा चमकल्या, मग नीट सांगितले: बिनटाक्याची असते, पण लगेच लागू होत नाही, तीन महिने दुसरे साधन वापरून मग वीर्य तपासायचे. "पण तुमचं पहिलंच आहे, घाई नको," त्या म्हणाल्या.

भाचीने दहा वर्षांची तांबी घेतली. जास्त रक्त गेले तर केव्हाही येऊन काढून घ्या, असे बाईंनी दोनदा बजावले आणि कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख घातली. फॉर्मवर सहीची एकच जागा होती. घरी आल्यावर आईने ते कार्ड मागून घेतले, चष्मा लावला आणि दोन्ही बाजूंनी वाचले.