आजीची कल्हई आणि सोलरची वायर

मागच्या महिन्यात मंद्रूपला घरी गेलो, तर शेतातल्या सोलर पंपाची केबल उंदरांनी कुरतडलेली. वडिलांसोबत दुकानात गेलो. दुकानदारानं दोन केबल पुढ्यात टाकल्या. एक आतून लाल तांब्याची. दुसरी आतून पांढरी, आणि महाग. म्हणाला, "मालक, ही पांढरी घ्या, लोड जास्त ओढती." वडील म्हणाले, "ॲल्युमिनियम हाय का काय?"

दोघंही चुकले होते. ती तांब्याचीच वायर होती, वर कथिलाचा पातळ थर. म्हणजे कल्हईच की! आजी तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई का लावून घ्यायची? आमटी कळकू नये म्हणून. वायरीची गोष्टही तिथूनच सुरू होते, फक्त आंबटाच्या जागी गंधक आहे.

1870 मध्ये समुद्राखालून मुंबईपर्यंत तारेची केबल आली, तिच्या तांब्यावर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं आवरण होतं. थंड समुद्रात ते झकास टिकतं, पण उष्णतेनं मऊ पडतं. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली त्याचं काय झालं असतं, विचार करा. घरात वीज खेळवायची तर रबर लागणार होतं. आणि रबर टिकाऊ करायचं तर त्यात गंधक घालून तापवायचं, ही चार्ल्स गुडइयरची युक्ती, 1844 चं पेटंट.

इथंच घोळ झाला. गंधक तांब्याला काळं पाडतं, आणि तांबं उलट रबराला सडवतं. दोघांचं जमतच नाही. मग मध्ये कथील घातलं. 232 अंशांना वितळणारा धातू, त्यामुळे तार वितळलेल्या कथिलातून ओढून काढली की झालं.

आमच्या जुन्या घरातली लाकडी पट्टीवरची वायरिंग काढली, तेव्हाचा एक तुकडा मी ठेवलाय. वर सुती वेष्टण, मध्ये काळं रबर, आत पांढरी तार. लहानपणी मला ती चांदीच वाटायची! तार अजून चकचकीत आहे, रबराचा मात्र हात लावला की भुगा होतो. तुमच्या घरी अशी वायरिंग असेल तर तार चांगली दिसते म्हणून ठेवू नका. शॉक रबर फुटल्यानं बसतो.

नंतर पीव्हीसी आलं. त्यात गंधक नाही, म्हणून घरातल्या वायरीला साधं तांबं पुरलं. आजही भिंतीतल्या वायरिंगसाठी पांढऱ्या वायरीवर जादा पैसे घालायची गरज नाही. आयएस 694 चा शिक्का आणि योग्य जाडी बघा, बास.

मग सोलरला कल्हई परत का? कारण ती केबल पंचवीस वर्षं उन्हापावसात राहणार. जोडणीत ओल शिरली की उघडं तांबं गंजतं, रोध वाढतो, जोड तापतो. त्यात डीसी. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत ती मिळत नाही, ठिणगी पेटलेलीच राहते. म्हणून सोलर केबलसाठी वेगळं मानक आहे, युरोपात ईएन 50618, आपल्याकडे 2020 चं आयएस 17293.

आणि "लोड जास्त ओढती"? उलट आहे. 4 चौरस मिलिमीटरच्या लवचिक साध्या तांब्याच्या तारेला किलोमीटरला जास्तीत जास्त 4.95 ओहम रोध चालतो, कथिलवालीला 5.09. म्हणजे किंचित कमीच. पैसे टिकाऊपणाचे आहेत, ताकदीचे नाहीत.

एवढं सगळं मी दुकानात सांगत बसलो. वडिलांनी ऐकलं, खिशातला चाकू काढला आणि तारेचं टोक खरवडलं. आतून लाल निघालं. केबलवरचा 17293 चा आकडा मला मोठ्यानं वाचायला लावला, आणि मगच पैसे काढले.